पिंजऱ्यातला पाऊस

पाक सुगोंदोंना आडनाव नव्हतं; पाक म्हणजे नुसतं श्रीयुत. जावातल्या सलातिगात ते फारसं कुणालाच नसतं, आणि एकसष्ट वर्षांत त्यावाचून त्यांचं काही अडलंही नव्हतं. शाळा शिकले, चौतीस वर्षं हायस्कुलात भौतिकशास्त्र शिकवलं, लग्न केलं, मुलगी उजवली, पेन्शनीत निघाले, आणि हे सगळं एकाच नावावर उरकलं. अडलं ते पावसाच्या गणितापाशी.

दूरदेशीच्या एका विद्यापीठाने येत्या शंभर वर्षांच्या पावसाचं गणित मांडलं होतं. ते एकट्यादुकट्या कॉम्प्युटरच्या बापाच्याने सुटणारं नव्हतं. म्हणून त्यांनी त्याचे हजारो तुकडे केले आणि जगभरच्या हौशी लोकांना सोडवायला वाटले. आपण फक्त घरी कॉम्प्युटर चालू ठेवायचा, तो चाळीस दिवस आपला तुकडा घोटत बसतो, आणि सुटला की उत्तर आपोआप विद्यापीठाकडे जातं. मोबदला शून्य. मात्र ज्याचा एक तरी तुकडा पुरा होईल त्याचं नाव शेवटी निघणाऱ्या निबंधाच्या यादीत छापणार होते. हे वाक्य वाचून सुगोंदोंनी चष्मा काढला, पुसला आणि परत वाचलं. दुसऱ्यांनी लावलेले शोध फळ्यावर लिहिण्यात आणि पुसण्यात त्यांचा जन्म गेला होता. शास्त्राच्या एखाद्या कागदावर एकदा, अगदी बारीक अक्षरात का होईना, आपलं नाव यावं असं त्यांना फार वाटत होतं. बायकोला मात्र त्यांनी "आपली हौस" एवढंच सांगितलं.

नाव नोंदवायच्या फॉर्मात आडनावाचा रकाना होता. तो रिकामा सोडला तर फॉर्म लाल व्हायचा. आडवी रेघ मारली तर "आडनावात अक्षरं असावीत" असं उत्तर यायचं. सुगोंदोंनी मेल लिहिली, "महोदय, मला आडनाव नाही." दोन दिवसांनी उत्तर आलं, "आपण संपर्क साधल्याबद्दल आभारी आहोत. कृपया आडनाव भरावे." त्यावर त्यांनी जावातल्या लोकांना आडनाव का नसतं यावर सव्वा पानाचं टिपण पाठवलं. त्यालाही तेच उत्तर आलं, आभारासकट. शेवटी वैतागून त्यांनी आडनावाच्या जागी पुन्हा सुगोंदो लिहिलं. फॉर्म आनंदाने हिरवा झाला. सुगोंदो सुगोंदो. लांबून कुणी दोनदा हाक मारावी तसं ते दिसत होतं, पण आता इलाज नव्हता.

कॉम्प्युटर म्हणाल तर पत्त्यांच्या कॅटाएवढे, नुसत्या हिरव्या पट्ट्या, असे आठ. "आठही मिळून जुन्या दिव्याएवढी वीज खात नाहीत," त्यांनी बायकोला फळ्यापुढच्या आवाजात समजावलं. बायकोचं माहेरचं नाव न्गातिनी, पण लग्नानंतर तिला त्या नावाने हाक मारणारी एकटी आई होती, तीही गेली. गल्लीला त्या बू, म्हणजे श्रीमती, सुगोंदो. चौतीस वर्षं हा आवाज ऐकल्यामुळे त्यांनी फक्त एकच विचारलं, "आणि इस्त्री?"

प्रश्न बिनतोड होता. घराची वीजजोडणी जेमतेम. इस्त्री, भाताचा कुकर आणि पाण्याचा पंप, या तिघांतले दोघे एका वेळी चालले की मीटरजवळचा खटका पडायचा. खट्. कॉम्प्युटर विजेवाचून मेला की त्याचा तुकडा कधी सुटलेल्या जागेपासून परत उभा राहायचा, तर कधी कायमचा नासायचा. पहिला कॉम्प्युटर तुकड्यासकट बाराव्या दिवशी बातिकच्या शर्टापायी गेला. दुसरा पंपापायी गेला. तिसऱ्याच्या उबेला पाल येऊन बसली आणि दोघंही एकदमच गेले.

तेव्हा सुगोंदोंनी शेजारच्या पाक जुमारींचा सल्ला घेतला. चुकलंच. जुमारींना पक्ष्यांतलं कळत होतं, आणि त्या जोरावर ते बाकी सगळ्याबद्दल बोलत. ते म्हणाले, "तुमचा पेर्कुतुत गेल्यापासून ओसरीवरचा पिंजरा रिकामाच आहे ना? त्यात ठेवा. वारा लागेल, पाल शिरायची नाही." इथवर ठीक होतं. सागवानी कोरीव पिंजऱ्यात उरलेले पाच बसले, हिरवे दिवे लुकलुकू लागले, धुळीसाठी वरून काळं कापड टाकलं. पण जुमारी तिथे थांबले नाहीत. "गरम होतायत? वर ओला फडका ठेवा. मी माझ्या बुलबुलांना ठेवतो." आता भौतिकशास्त्राच्या शिक्षकाने विजेच्या वस्तूवर ओला फडका ठेवावा का? नाही. पण जुमारींनी ते इतक्या ठामपणे सांगितलं की सुगोंदोंनी तो चांगला पिळून ठेवला. चार एकदम गेले.

राहिला पाच नंबरचा.

मग मात्र घरात कायदा झाला. इस्त्री बंद. भात गॅसवर. पंपाला हात लावायचा नाही, पाणी विहिरीतून ओढायचं. सुराबाया शहरात दिलेल्या मुलीने आईला फोनसाठी पाठवलेली पॉवर बँक बू सुगोंदोंनी न बोलता आणून दिली, आणि ती वायर आणि पाच नंबरच्या मध्ये बसली. आता खटका पडला तरी अर्धापाऊण तास तरी तो तगणार होता. शेवटची मुदत होती जानेवारीतल्या एका रविवारी संध्याकाळी सहाची, नवा तुकडा घ्यायला वेळ उरला नव्हता. तुकडा त्याच दिवशी चारच्या सुमाराला पुरा व्हायचा होता. सुगोंदो दिवसातून चाळीसदा आकडा बघत. एकसष्ट टक्के. एकसष्ट पूर्णांक दोन टक्के. त्यांचं जेवण उडालं.

एवढ्यात बायकांच्या महिन्याच्या बैठकीत बू सुगोंदोंना कुणीतरी विचारलं, की हल्ली तुमचे कपडे असे चुरगळलेले का असतात? "आमच्याकडे पावसाचं काम चालू आहे," त्या म्हणाल्या. पावसाचं? कुठे? "पिंजऱ्यात," त्या म्हणाल्या आणि चहा प्यायल्या.

तिसऱ्या दिवशी पाक एर्ते, म्हणजे गल्लीचे प्रमुख बासिरून, केळ्यांचा घड घेऊन हजर.

"पाक गुरू, पुढच्या रविवारी आमच्या वेनिंगचं लग्न आहे. अंगणातच मांडव घालतोय."

"वा! अभिनंदन. हुशार मुलगी. माझ्याच वर्गात होती."

"जानेवारी महिना आहे. व्याह्यांना हीच तारीख हवी होती."

"हं."

"तेव्हा म्हटलं, कानावर घालावं."

"माझ्या?"

पाक एर्तेंनी काळ्या कापडाकडे बघून आवाज उतरवला. "यांच्या."

पावसाळ्यात लग्न काढायचं तर आचारी, मांडववाला आणि पाऊस अडवणारा पावांग या तिघांना सांगावंच लागतं. गल्लीचे पावांग म्हणजे क्रोमो आजोबा, म्बाह क्रोमो. पण गेल्या महिन्यात त्यांच्या सख्ख्या पुतण्याच्या लग्नात वरातीला गुडघाभर पाणी झालं होतं, आणि पाक एर्तेंचा विश्वास डळमळला होता.

"अहो पाक, हे पाऊस अडवत नाहीत!" सुगोंदो ओरडलेच. "हे नुसतं गणित करतात. येत्या शंभर वर्षांत कुठे किती पडेल त्याचं."

"तेच म्हणतो मी. ज्यांना शंभर वर्षांचं जमतं, त्यांना एका रविवारचं काय जड आहे?"

"मला त्यातलं काहीही येत नाही. शप्पथ."

पाक एर्ते समाधानाने उठले. खरा पावांग तीनदा नाही म्हणतो, हे त्यांना माहीत होतं, आणि त्यांच्या मोजणीप्रमाणे आत्ताशी दोनदा झालं होतं. फाटकाशी वळून त्यांनी विचारलं, "म्हणजे नाहीच जमणार?"

"नाही!"

"तीन," पाक एर्ते म्हणाले आणि खुशीत घरी गेले.

दुसऱ्या दिवशी गल्लीत फर्मान निघालं, की पाक गुरूंच्या विजेच्या खांबावर कुणी जादा भार टाकायचा नाही. जुमारींनी आपली मोटर बंद ठेवली. समोरच्यांनी फ्रिज बंद ठेवला. पाच नंबरचा आकडा कधी नव्हे तो निर्वेधपणे चढू लागला, आणि पाक सुगोंदोंच्या सत्यनिष्ठेला पहिली चीर गेली. खोटं बोलणं वेगळं आणि गप्प बसणं वेगळं, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. मुलांनी अशी समजूत घातली असती तर त्यांनी बाकावर उभं केलं असतं.

गप्प बसण्याचीही किंमत असते. पावांगने काम संपेतो पाण्याला शिवायचं नाही, असा रिवाज. शुक्रवारी सकाळी सुगोंदो टॉवेल खांद्यावर टाकून विहिरीकडे गेले, तर काठावर गल्लीचा पहारेकरी जिमान बादली मांडीवर घेऊन बसला होता.

"पाक गुरू, नको."

"अरे, तोंड तरी धुऊ दे."

"पाक एर्ते म्हणाले, तोंडसुद्धा नको. मला का अडचणीत आणता?"

शनिवारी दुपारी म्बाह क्रोमो स्वतः आले. ऐंशीचं वय, हातात लवंगेची क्रेतेक सिगरेट, पायात काही नाही. सुगोंदोंना वाटलं, भांडायला आले. म्हातारा ओसरीवर टेकला, कापड वर करून त्याने पाच नंबरकडे बराच वेळ बघितलं, मग सुगोंदोंच्या दिशेने हवा हुंगली.

"दोन दिवस झाले का अंघोळीला?"

"दोन."

"नेमाचे पक्के आहात." धूर सोडून त्यांनी विचारलं, "खरं सांगा, उद्या पडेल का हो?"

"म्बाह, मला खरंच माहीत नाही."

"मलाही नाही," म्बाह क्रोमो म्हणाले. "साठ वर्षं झाली. आपलं काम नुसतं बसायचं. कुणीतरी बसलंय म्हटलं की आचारी तांदूळ धुवायला घेतो. कुणीच बसलं नाही तर लग्नं व्हायचीच नाहीत पावसाळ्यात." जाताना त्यांनी झाडू उलटा करून त्यावर मिरच्या आणि कांदे टोचले आणि तो पिंजऱ्याच्या खांबापाशी रोवला. "राहू द्या. तुमच्या यंत्राला सोबत."

रविवार उजाडला. आकडा अठ्ठ्याण्णव पूर्णांक नऊ. डोंगराच्या अंगाला आभाळ शाईसारखं झालेलं. पाऊस अडावा म्हणून नवरीच्या आईने रिवाजाप्रमाणे आपलं आतलं वस्त्र छपरावर टाकलं होतं, आणि येणारा प्रत्येक पाहुणा ते दिसलं नाही असं दाखवत होता. सुगोंदोंना मांडवात पहिल्या रांगेत मान होता. त्यांनी तीन दिवसांच्या अंगाने आणि चुरगळलेल्या बातिकने तो कसाबसा स्वीकारला. त्यांच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या.

अकराच्या सुमाराला त्यांना मांडवाला लागूनच असलेल्या आपल्या ओसरीवर कुणीतरी वाकलेलं दिसलं. स्पीकरवाला गेंडोन, परगावचा गडी. मनगटाएवढी वायर ओढत आणून तो पिंजऱ्याचा प्लग काढायच्या बेतात होता.

"ए! ए! हात लावू नकोस!" सुगोंदो खुर्च्या ओलांडत धावले.

"मांडवाची लाइन भरली, पाक. एक प्लग द्या."

"तुझे चार स्पीकर लागले की आमचा खटका पडेल."

"पडला तर उचलू. त्यात काय?"

"चाळीस दिवसांचं काम आहे ते! गणित आहे!"

"मग गणित उद्या करा," गेंडोन म्हणाला, आणि त्याने प्लगला हात घातला.

एव्हाना अर्धा मांडव बघत होता. पाक एर्ते, व्याही, आचारी. आणि मंचावर, मोगऱ्याच्या माळांत, वेनिंग. ढग कसा बनतो, हे जिला त्यांनी स्वतः शिकवलं, जिच्या उत्तराला दहापैकी दहा दिले होते, ती मुलगी. खरं बोललं तर पाच नंबर तासाभरात नासणार होता.

"तो प्लग काढलास," पाक सुगोंदो फळ्यापुढच्या आवाजात म्हणाले, "तर पाऊस पडेल."

गेंडोनने हात असा मागे घेतला की जणू साप दिसला. व्याह्यांनी छातीला हात लावला. वेनिंगने मान खाली घातली, आणि तिचे खांदे हलत होते. ती रडते आहे की हसते आहे हे सुगोंदोंना लांबून कळेना. त्यांना स्वतःची एवढी लाज आयुष्यात वाटली नव्हती.

दीड वाजता डोंगरावर गडगडलं आणि अख्ख्या गावाची वीज गेली. गाणारी बाई अर्ध्या ओळीत थांबली, पंखे थांबले. पिंजऱ्यात एकच हिरवा दिवा लुकलुकत होता. अठ्ठ्याण्णव पूर्णांक नऊ. अजून अडीच तास हवे होते, आणि बायकोच्या पॉवर बँकेत पाऊण तासाचा दम.

"पाक गुरू," पाक एर्तेंचा चेहरा पांढरा पडला होता, "हे विझलं तर?"

सुगोंदो पॉवर बँकेचे दिवे मोजत होते. त्यांना खरंच रडू फुटायच्या बेतात होतं, आणि ते मुलाबाळाच्या नव्हे, एका हिरव्या पट्टीच्या काळजीने, हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. तेवढ्यात मंचावरून नवरीची मावशी लगबगीने आली. तिच्या हातात गुलाबी पॉवर बँक होती. "वेनिंगने दिलीय. म्हणाली, सरांना सांगा, ही मधल्या बँकेला जोडा, म्हणजे प्रवाह तुटायचा नाही."

सुगोंदोंनी मंचाकडे बघितलं. नवरी आता उघड हसत होती.

मग पाक एर्तेंनी भोंगा उचलला. "मंडळी! ज्यांच्या ज्यांच्याकडे पॉवर बँक असेल, त्यांनी पिंजऱ्यापाशी आणून द्यावी! आहेर नंतर!" आणि रेशमी बातिकातली, अंबाड्यातली, चष्म्यातली माणसं उठून रांगेत उभी राहिली. व्याह्यांनी दोन दिल्या. गेंडोनने स्पीकरची बॅटरी खांद्यावर आणली. जुमारी टेहळणीला उभे राहून कुणाची किती भरली आहे यावर सल्ले देत होते, आणि कुणी त्यांच्याकडे ओल्या फडक्याचं नाव काढलं नाही. म्बाह क्रोमो उलट्या झाडूशेजारी डोळे मिटून बसले होते. बू सुगोंदो पदराने, म्हणजे खांद्यावरच्या ओढणीने, पाच नंबरला वारा घालत होत्या. एक संपली की दुसरी, दुसरी संपली की तिसरी. वाजंत्री नाही, पंखे नाहीत. दोनशे माणसं सोतोच्या रश्श्याचे वाडगे हातात धरून हळू आवाजात एकमेकांना आकडा सांगत जेवत होती. नव्व्याण्णव पूर्णांक आठ. नव्व्याण्णव पूर्णांक नऊ. आभाळ इतकं खाली आलं होतं की मांडवाला टेकेल असं वाटत होतं, पण थेंब नव्हता.

चारला सहा मिनिटं असताना आकडा शंभर झाला. सुगोंदोंनी बायकोचा फोन इंटरनेटसाठी जवळ धरला. उत्तर निघालं. पट्टी सरकली, थांबली, पुन्हा सरकली. आणि "पोचले" असं आलं.

"सुटलं!" पाक सुगोंदो ओरडले आणि आनंदाच्या भरात त्यांनी वायर उपटून काढली.

त्याच क्षणी पाऊस आला. थेंबथेंब करत नाही, एकदम, टाकी फुटल्यासारखा. बाकी पाहुणे मांडवात होते, पण व्याह्यांकडची मंडळी निरोपासाठी अंगणात उभी होती, हातात गोडाच्या वाट्या घेऊन. ती नखशिखांत भिजली. पाक एर्ते पाणी निथळत ओसरीवर आले.

"पाक गुरू, उपकार झाले, नाही म्हणत नाही. पण सोडायच्या आधी एक शब्द तर टाकायचा! व्याह्यांचं गोड व्हायचं होतं अजून!"

सुगोंदो सरळ पावसात जाऊन उभे राहिले. तीन दिवसांची अंघोळ होती.

तीन आठवड्यांनी विद्यापीठाकडून प्रमाणपत्र आलं. सुगोंदोंनी ते छापून आणलं. आता खरं सांगून टाकायचं, पुराव्यासकट, असं ठरवून ते पाक एर्तेंकडे गेले आणि सगळं सांगितलं. विद्यापीठ, तुकडे, यादी. प्लगजवळ आपण खोटं बोललो, हेही. पाक एर्तेंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि तो इंग्रजी कागद हातात घेतला. त्यातले त्यांना दोनच शब्द वाचता आले. एक "पाऊस" आणि दुसरा "सुगोंदो".

"म्हणजे परदेशातसुद्धा मान्य झालं," ते गहिवरून म्हणाले. "मार्चमध्ये माझ्या भाच्याचं आहे. नाही म्हणायला सुरुवात करा, पाक गुरू, मी मोजतो."

सुगोंदो मान खाली घालून घरी आले. बू सुगोंदो तेव्हापासून साठलेला ढीग समोर घेऊन इस्त्री करत होत्या. त्यांनी कागद घेतला, हात लांब करून वाचला.

"नाव दोनदा का छापलंय?"

"अगं, तो फॉर्म. आडनावाचा रकाना होता. मी त्यांना सव्वा पान लिहिलं होतं की..."

"एक पाक सुगोंदो," त्या बोट ठेवून म्हणाल्या. मग इस्त्री उभी करून ठेवली आणि बोट पुढच्या शब्दावर नेलं. विहिरीच्या दोराने त्या तळहाताला पडलेले घट्टे अजून गेले नव्हते. "आणि ही बू सुगोंदो. मग बरोबर आहे."

चौतीस वर्षांत पाक सुगोंदोंनी हजारो उत्तरं तपासली होती. हे त्यांनी पुन्हा एकदा नीट वाचलं.

"अगदी बरोबर आहे," ते म्हणाले. मग तिच्यासाठी पाणी भरायला ते आत गेले आणि त्यांनी पंप लावला.

खट्.

सगळं घर बंद पडलं. पाक सुगोंदो सवयीने धावत पिंजऱ्यापाशी गेले, आणि तिथे पोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आता कुणाचंच काही बुडालेलं नाही. आतून बायकोचं हसू ऐकू येत होतं.

"न्गातिनी," त्यांनी हाक मारली, "खटका मी उचलतो. तू बस."